मोठ्या माणसाचा गार्डियन बदलायचाय? आधी जुना कागद शोधा

आमच्या ताईचा कायदेशीर पालक आतापर्यंत दोनदा बदलून झालाय. ताई माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी, जन्मापासून बौद्धिक दिव्यांग, आता पन्नाशीला आली. आधी बाबा गार्डियन होते, ते गेल्यावर मोठा दादा आणि वहिनी, मग दादा रिटायर होऊन पोराकडे पुण्याला गेला आणि ताई काही नागपूर सोडायला तयार नाही (तिला तिची गल्ली पायजे, तिचा दूधवाला पायजे, आणि पुण्याचं वरण गोड लागते म्हणते), म्हणून आता मी आणि माझी बायको. घरात कोणाचं भांडण नाही, पैशाचा वाद नाही, तरी दुसऱ्या वेळेस चार-पाच महिने गेलेच, आणि त्यातले निम्मे आमच्याच आळसापायी. ओळखीचे लोक फोन करून विचारत राहतात की भाऊ कसं केलं, तर म्हटलं एकदाच लिहून टाकतो. मी वकील नाही, आयुष्यभर क्लार्की केली, त्यामुळे फाइल नीट लावायची सवय तेवढी आहे.

सगळ्यात पहिलं काम म्हणजे घरातला जुना कागद शोधा. खरंच सांगतो, निम्म्या लोकांना हेच माहीत नसते की आपल्याकडे गार्डियनशिपचा जो कागद आहे तो कोणत्या कायद्याखाली कोणी दिलाय, आणि बदलायचं तर ज्यानं दिला त्याच्याकडेच जावं लागते. आमच्या शेजारचे एक काका कोर्टाची ऑर्डर घेऊन फिरत होते, बघितली तर १८९० च्या गार्डियन्स अँड वॉर्ड्स कायद्याखालची, पोरगा लहान असतानाची. आता तो कायदा अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालच्या, मुलांसाठी आहे, पोरगा कधीचा सज्ञान झालेला, म्हणजे त्या ऑर्डरचा जीव तेव्हाच गेला. बदलायला त्यात काही उरलंच नव्हतं, त्यांना नव्यानं अर्ज करावा लागला.

मोठ्या माणसासाठी आपल्याकडे जास्त करून जे प्रमाणपत्र असते ते राष्ट्रीय न्यास कायदा १९९९ चं. हा कायदा चारच गोष्टींसाठी आहे: ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुदिव्यांगत्व. स्किझोफ्रेनिया यात नाही, म्हातारपणाचा विसराळूपणा यात नाही, ॲक्सिडेंटनंतरचा कोमा यात नाही, त्यांचं पुढं सांगतो. या कायद्याखाली जिल्ह्यात एक स्थानिक स्तर समिती असते, तिच्यात जिल्हाधिकारी दर्जाचे अधिकारी, एका नोंदणीकृत संस्थेचा प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्ती. म्हणजे नागपूरवाल्यांचं काम सिव्हिल लाइन्सच्या कलेक्टर ऑफिसशी, कोर्टाशी नाही. हे मुद्दाम सांगून राहिलो कारण बँकेतला माणूस काउंटरवरून सरळ म्हणतो "कोर्टाची ऑर्डर आणा". आम्हालाही एका बँकेत असंच म्हटलं. या चार प्रकारच्या दिव्यांगत्वासाठी स्थानिक स्तर समितीचं प्रमाणपत्र चालते असं रिझर्व्ह बँकेनं बँकांना कधीचंच कळवलेलं आहे, तेव्हा भांडू नका, मॅनेजरला भेटा आणि लेखी द्या म्हणा की तुम्ही हे प्रमाणपत्र नाकारताय. लेखी मागितलं की अर्ध्या अडचणी आपोआप सुटतात.

समितीची बैठक कायद्यानं निदान तीन महिन्यांतून एकदा व्हायला पायजे. म्हणून ऑफिसात गेल्यावर पहिला प्रश्न "काम कधी होईल" हा नका विचारू, "पुढची बैठक केव्हा आहे आणि कागद किती दिवस आधी पोहोचायला पायजे" हे विचारा. एक कागद कमी पडला आणि बैठक गेली की सरळ पुढच्या बैठकीपर्यंत हात बांधून बसा.

आता गार्डियन वारला तर काय. बाबा गेले तेव्हा आम्हाला वाटलं दादा मोठा मुलगा आहे, आता आपोआप तोच. तसं काही नसते. वारसा हक्कानं घर येते, गार्डियनशिप येत नाही, तिच्यासाठी नवा अर्ज, फॉर्म ए. अर्ज कोणी करायचा याचा नियमांत क्रम आहे. आधी आई-वडील, दोघं मिळून, आणि एक नसेल तर एकट्यानं. ते दोघंही नसतील तर भावंडं, सख्खी-सावत्र सगळी, मिळून किंवा एकट्यानं, पण एकट्यानं केला तर बाकीचे का नाहीत ते लिहा. आई-वडील आणि भावंडं कोणीच पुढं आलं नाही तर मग दुसरे नातेवाईक. नोंदणीकृत संस्थाही करू शकते. आणि एक लक्षात घ्या, अर्ज करणारा आणि गार्डियन होणारा एकच असावा असं काही नाही, मी अर्ज करून माझ्या मावसबहिणीचं नाव सुचवू शकतो. ज्याचं नाव सुचवाल तो भारताचा नागरिक पायजे, स्वतः दुसऱ्यावर अवलंबून असलेला नको, दिवाळखोर नको, गुन्ह्यात शिक्षा झालेला नको, आणि शक्यतो जवळ राहणारा पायजे. दादाचं पुण्याला जाणं यातच अडकत होतं.

वॉर्ड म्हणजे जिच्यासाठी गार्डियन नेमतात ती व्यक्ती. बाई वॉर्ड असेल तर अजून एक नियम आहे आणि तो चांगला आहे. एकट्या पुरुषाला बाईचा गार्डियन करत नाहीत. लग्न झालेला असेल तर बायकोसोबत सहपालक, आणि त्यात मुख्य सहपालक बायको. म्हणजे ताईच्या कागदावर मी दुय्यम आहे, माझी बायको मुख्य. आमच्या घरात तसंही असंच चालते, फक्त आता सरकारी शिक्का बसला. चेष्टा सोडा, पण यामुळं काम दुप्पट होते: जुन्या जोडीतल्या दोघांचे कागद, नव्या जोडीतल्या दोघांचे कागद. दादानं पुण्याहून त्याचं प्रतिज्ञापत्र पाठवलं आणि वहिनीचं विसरला, गेले तिथं पंधरा दिवस.

गार्डियन जिवंत आहे पण त्याला सोडायचंय, तर? कायद्याचं कलम १७ वाचलं तर त्यात काढण्याची दोनच कारणं आहेत, वॉर्डचा छळ किंवा हेळसांड, आणि दुसरं म्हणजे त्याच्या मालमत्तेचा अपहार किंवा तिच्याकडं दुर्लक्ष. आमच्या दादावर यातलं कुठलंच लागू होत नव्हतं आणि तसं लिहिणं म्हणजे भावावर खोटा आळ घेणं. आम्ही साध्या कागदावर अर्ज केला की आताचे गार्डियन गाव सोडून गेले, वय झालं, वॉर्डजवळ राहू शकत नाहीत, त्यांची संमती सोबत जोडलीय, नव्या सहपालकांचा फॉर्म ए जोडलाय, जुनं प्रमाणपत्र परत करतो, नवं द्या. सोबत ताईचं दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र, युडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र), सगळ्यांचे आधार, राहण्याचा पुरावा, फोटो, बाबा आणि आईचे मृत्यू दाखले. स्टॅम्प पेपर विकत घ्यायच्या आधी टेबलावर विचारून घ्या लागतो की नाही, बाहेरच्या टायपिंगवाल्याला नका विचारू, तो हो म्हणणारच.

आणि आता आमची खरी फजिती. गार्डियन झाल्यावर सहा महिन्यांच्या आत वॉर्डच्या सगळ्या मालमत्तेची, देण्या-घेण्याची यादी द्यावी लागते, तो फॉर्म सी. नंतर दरवर्षी आर्थिक वर्ष संपल्यापासून तीन महिन्यांत हिशोब, किती आले किती गेले किती उरले, तो फॉर्म डी. दादानं सी दिला होता, बाबांची शिस्त. डी त्यानं कधी भरलाच नाही, चार वर्षं. त्यानं पैसे खाल्ले म्हणून नाही, उलट स्वतःचेच घातले असतील, पण "घरच्या घरात काय हिशोब द्यायचा" असं त्याला वाटायचं. आता पद सोडणाऱ्या गार्डियनला हिशोब देऊन सगळं पुढच्याच्या ताब्यात द्यायचं असते, आणि तो हिशोबच नाही. मग आम्ही दोन रविवार पासबुकं घेऊन बसलो, दादा फोनवर, वहिनी मागून सांगते की ती एंट्री दाताच्या डॉक्टरची, ती कूलरची. त्या बैठकीत एक एफडी सापडली जी परस्पर रिन्यू होत राहिली होती आणि तिच्यावर नॉमिनी अजून बाबाच. बाबांना जाऊन सहा वर्षं झाली होती! म्हणून सांगतो, गार्डियन बदलायचा विचार मनात आला की त्याच दिवशी हिशोबाची वही काढा, अर्ज नंतर. ज्याचा हिशोब तयार त्याचं हस्तांतर सोपं, आणि ज्याचा नाही त्याच्यावर उद्या कोणताही चुलतभाऊ बोट ठेवेल. ताईच्या पैशाचं खातं वेगळं ठेवा, घरखर्चाच्या खात्यात मिसळू नका, मोठा खर्च असेल तर बिल एका पाकिटात. बस, एवढं जरी केलं तरी फॉर्म डी अर्ध्या तासाचं काम आहे. मार्चनंतर तीन महिने म्हणजे जूनअखेर, आपल्या विदर्भात शाळा उघडतात त्याच सुमारास, मी तशीच खूणगाठ बांधलीय, पोरांच्या वह्या आणि ताईचा हिशोब.

आता भांडणाचं प्रकरण, म्हणजे गार्डियन वाईट आहे आणि त्याला काढायचाय. कलम १७ खाली अर्ज आई-वडील, नातेवाईक किंवा नोंदणीकृत संस्था करू शकते. शेजाऱ्याचं नाव त्यात नाही. पण शेजाऱ्यानं हातावर हात ठेवून बसायचं असंही नाही, त्यानं एक तर नोंदणीकृत संस्थेला सांगावं, किंवा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ च्या कलम ७ खाली कार्यकारी दंडाधिकाऱ्याला कळवावं, ते कोणीही कळवू शकते. आणि मारहाण चालू आहे, कोंडून ठेवलंय, असं असेल तर समितीच्या बैठकीची वाट काय पाहता, आधी पोलीस.

छळ म्हणजे काय याची यादी नियमांतच दिलेली आहे: बराच वेळ एकटं खोलीत डांबणं, साखळीनं बांधणं, अंगावर वळ उठेल असं मारणं, लैंगिक छळ, जेवण-पाणी-कपडा न देणं, मुद्दाम उपचार किंवा ट्रेनिंग बंद करणं, मालमत्ता वापरून टाकणं. तक्रार या शब्दांच्या जवळ ठेवा. "वहिनीचा स्वभाव खराब आहे" यानं काही होत नाही. "अमुक तारखेपासून शाळा बंद केली, औषधाची चिठ्ठी जानेवारीनंतर नाही, पेन्शनच्या दिवशीच दर महिन्याला पूर्ण रक्कम काढली जाते" यानं होते. समिती निदान तीन जणांची चौकशी टीम नेमते, गार्डियनलाही आपलं म्हणणं मांडायची संधी देते, आणि पटलं तर कारणं लेखी नोंदवून त्याला काढते. मग नवा गार्डियन नेमते, आणि कोणी मिळालाच नाही तर वॉर्डच्या सांभाळाची दुसरी सोय लावते. काढलेल्या माणसाला सगळी मालमत्ता आणि हिशोब नव्याच्या ताब्यात द्यावाच लागतो.

माझं एक मत आहे, कोणाला राग आला तर येऊ द्या. अशा तक्रारींत काही वेळा भांडण वॉर्डचं नसतेच, ते प्लॉटचं असते. बेसा-मानेवाड्याकडं प्लॉटचे भाव वाढले की अचानक सगळ्यांना भाच्याची काळजी वाटायला लागते. तुम्ही जर खरंच काळजीपोटी करत असाल तर अर्जात पहिल्या पानावर लिहा की नवा गार्डियन झाल्यावर तो कुठं राहील, सकाळी कोण आंघोळ घालेल, औषध कोण देईल. मालमत्ता दुसऱ्या पानावर.

दुसरा रस्ता कोर्टाचा. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला, त्याच्या कलम १४ मध्ये मर्यादित पालकत्व आहे. जिल्हा न्यायालय किंवा राज्यानं नेमलेला अधिकारी हे देतो, आणि ते ठराविक मुदतीसाठी, ठराविक निर्णयासाठी, आणि त्या माणसाच्या इच्छेप्रमाणं चालायचं असते. म्हणजे घर विकण्यापुरता गार्डियन नेमला तर घर विकलं, त्याचं काम संपलं. असा कागद तुमच्याकडं असेल तर आधी मुदत आणि कारण वाचा, कदाचित तो संपलेलाच असेल. आणि याच कलमात असंही आहे की दुसऱ्या कोणत्या कायद्याखाली आधी नेमलेला गार्डियनही आता मर्यादित पालकच समजायचा. जुन्या जमान्यातला "मी सांगीन तेच" वाला गार्डियन कायद्यात उरला नाही, घराघरांत आहे ती गोष्ट वेगळी.

कोर्टाचं काम सिव्हिल लाइन्सच्या न्याय मंदिरात. वकिलाच्या फीला घाबरू नका, दिव्यांग व्यक्तीला मोफत कायदेशीर मदत मिळते, उत्पन्न किती आहे ते न बघता, १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणं. अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात करायचा. हे बहुतेकांना माहीतच नसते आणि लोक आधीच दागिना गहाण टाकतात.

मानसिक आजाराचं वेगळंच. १९८७ च्या जुन्या कायद्यात कोर्ट गार्डियन नेमायचं, तो कायदा गेला, आणि २९ मे २०१८ पासून मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ लागू झाला, त्यात गार्डियन नाहीच, नामनिर्देशित प्रतिनिधी आहे. कोणीही सज्ञान माणूस साध्या कागदावर लिहून, सही किंवा अंगठा करून आपला प्रतिनिधी नेमू शकतो आणि पाहिजे तेव्हा बदलू शकतो. कोर्ट नाही, वकील नाही. तब्येत बरी असतानाच हा कागद करून ठेवा आणि उपचार चालू असतील तिथं, नागपूरचं मेडिकल असो, मेयो असो (दोन्ही सरकारी दवाखाने) की कोराडी रोडचं मनोरुग्णालय, फाइलला लावायला द्या. पण हा प्रतिनिधी उपचारापुरता आहे, त्याला घर विकता येत नाही, हे नीट समजून घ्या. लोक म्हणतात मग मुखत्यारपत्र करून घेऊ. अरे बाप्पा, करार कायद्याच्या कलम २०१ प्रमाणं मुखत्यारपत्र देणाऱ्याचं मन शाबूत राहिलं नाही की साधं मुखत्यारपत्र तिथंच संपते. म्हणजे नेमकं जेव्हा कामाचं तेव्हाच बिनकामाचं.

आणि कोमातला माणूस. त्याच्यासाठी थेट असा कायदाच नाही, म्हणून हायकोर्टात रिट याचिका करावी लागते, आपल्याकडं नागपूर खंडपीठात. केरळ हायकोर्टानं २०१९ मध्ये अशा प्रकरणांसाठी सविस्तर मार्गदर्शक सूचना दिल्या, डॉक्टरांचं बोर्ड, महसूल अधिकाऱ्याची तपासणी वगैरे. माणूस शुद्धीवर आला, किंवा गार्डियन बदलायचाय, तर ज्या हायकोर्टानं ऑर्डर दिली तिथंच पुन्हा अर्ज. इथं मात्र वकील लागतोच.

राहिलं ते गार्डियनशिप पूर्णच बंद करणं, आणि याबद्दल कोणी बोलत नाही. ताईच्या शाळेतला एक मुलगा, सेरेब्रल पाल्सी, डोकं आमच्यापेक्षा तल्लख, मोबाइलवर टाइप करून बोलतो. त्याला गार्डियन कशापायी? तर बँकेत सही जमत नव्हती म्हणून. अंगठ्यानं भागलं असतं! २०१६ च्या कायद्यात स्पष्ट आहे की दिव्यांग माणसाला बाकीच्यांसारखीच कायदेशीर क्षमता आहे, आणि मदतीची जी व्यवस्था आहे ती तो बदलू शकतो, मोडूही शकतो. राष्ट्रीय न्यास कायद्यातही समितीनं आधी "याला गार्डियन पायजे का" हेच बघायचं असते. तो आणि त्याची आई दोघं मिळून समितीकडं अर्ज करणारेत की आता गरज उरली नाही. सोबत मानसशास्त्रज्ञाचा ताजा अहवाल, त्यानं स्वतः टाइप केलेलं पत्र, स्वतः चालवलेल्या खात्याचे व्यवहार. माझा सल्ला एवढाच की आईनंही सही करावी, गार्डियन स्वतः म्हणतोय मला मोकळं करा तर समितीला विरोध ऐकावा लागत नाही.

नवं प्रमाणपत्र, म्हणजे फॉर्म बी, हातात आल्यावर तिथंच उभ्या उभ्या वाचा. नावाचं स्पेलिंग, जन्मतारीख, आणि गार्डियनशिप कशाकशासाठी दिलीय ते. आमच्या पहिल्या कागदावर ताईच्या नावात एक अक्षर आधारपेक्षा वेगळं होतं, बँकेनं तेवढ्यावरून परत पाठवलं. मग एका दिवशी एकेक जागा करा: बँक, पोस्ट, फॅमिली पेन्शनचं ऑफिस, निरामय (राष्ट्रीय न्यासाचा आरोग्य विमा) असेल तर तो, एलआयसी. सगळीकडं जुन्या गार्डियनची सही बंद करा असं लेखी द्या आणि पोच घ्या. नुसतं नवं नाव जोडलं आणि जुनं काढलं नाही असं एका ठिकाणी आमचं झालंय, दादाच्या मोबाइलवर अजून ताईच्या खात्याचे ओटीपी येतात, आणि तो पुण्यातून दुपारी फोन करतो की ताईनं काय घेतलं.

उन्हाळ्यात जायचं असेल तर सकाळीच जा, ताईला नेत असाल तर पाण्याची बाटली आणि तिच्या आवडीचं काही सोबत ठेवा. तिला नेलंच पायजे असं माझं म्हणणं. आम्ही तिला नेलं, तिथं तिला विचारलं कोणाकडं राहायचं, तिनं माझ्या बायकोकडं बोट दाखवलं, माझ्याकडं पाह्यलंसुद्धा नाही.